मायना आणि सही

मार्च २०१२मध्ये लंडनच्या कोर्ट ऑफ अपीलपुढे एक साधा दिसणारा प्रश्न आला. ई-मेलच्या तळाशी कुणी नुसतं आपलं पहिलं नाव टाइप केलं, आडनाव नाही, हुद्दा नाही, शाईचा ठिपकाही नाही, तर ती सही होते का? वाद गोव्याची साळगावकर मायनिंग इंडस्ट्रीज आणि गोल्डन ओशन ही जहाज कंपनी यांच्यातला होता. एक जहाज दहा वर्षांसाठी भाड्याने घेण्याची बोलणी २००८ साली मेलवरूनच झाली होती, आणि भाड्याने घेणाऱ्या कंपनीची हमी साळगावकरांची, असं त्या मेलमध्ये लिहिलेलं होतं. पुढे जहाजभाड्याचा बाजार कोसळला आणि हमीची गोष्ट निघाली. इंग्लंडचा १६७७ सालचा कायदा सांगतो की हमी लेखी पाहिजे आणि तिच्यावर सही पाहिजे. इथे स्वतंत्र करारपत्र तयारच झालं नव्हतं. होती ती मेलची लांबलचक माळ आणि तिच्यात दलालाने मजकुराखाली टाइप केलेलं आपलं पहिलं नाव. तेवढं नाव सही म्हणून पुरतं, असं कोर्टाने ठरवलं.

त्याच्या सहा वर्षं आधी इंग्लंडमध्येच वेगळा निकाल लागला होता. एका कंपनीच्या संचालकाने मेलने वैयक्तिक हमी देऊ केली, पण मजकुराखाली नाव घातलं नाही. त्याचा मेलचा पत्ता वर, प्रेषकाच्या ओळीत, होताच. यंत्राने आपणहून वर छापलेला पत्ता म्हणजे सही नव्हे, असं न्यायाधीश म्हणाले आणि हमी सुटली. मग २०१९ साली मँचेस्टरला जमिनीच्या व्यवहाराचा एक खटला उभा राहिला. त्यात वकिलाचं नाव-हुद्दा-पत्ता मेलखाली आपोआप चिकटत होता. पण त्या चिकटवलेल्या मजकुराच्या वर ‘मेनी थँक्स’ असे दोन शब्द होते. खालचं नाव वरच्या मजकुराशी जाणूनबुजून जोडलेलं आहे, हे दाखवणारी एक खूण म्हणून न्यायाधीशांनी त्या आभाराची नोंद घेतली आणि सही मान्य केली. आपण रोज बोटाच्या सवयीने जे लिहितो त्यावर जमिनीचा तुकडा ठरला.

आपल्याकडेही वारा याच दिशेने आहे. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम या २०१०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बॉक्साइटच्या पाच खेपांचा सौदा मेलवर पक्का झाला असेल, तर रीतसर करारावर सह्या झाल्या नाहीत म्हणून तो मोडत नाही. व्यावसायिक इंग्रजी पत्राचा आरंभ आणि शेवट ही शोभेची झालर, असं मानणाऱ्या वाचकापुढे हे निकाल ठेवूनच या विषयाची ओळख करून द्यावी असं मला वाटतं. पत्राच्या वरच्या टोकाला एक प्रश्न सुटतो: मी तुमचा कोण? खालच्या टोकाला दुसरा: या मजकुराची जबाबदारी कोणावर? जगभरच्या सगळ्या पद्धती या दोन प्रश्नांभोवती फिरत आल्या आहेत. फरक आहे तो कोणत्या टोकाला किती भार टाकायचा एवढाच.

हे लिहितो आहे ते देवनहळ्ळीला. बंगळूरचा विमानतळ २००८ साली इथे आल्यापासून आसपासच्या माळावर गोदामं, विमानाचे सुटे भाग करणारे कारखाने आणि काचेची कार्यालयं उभी राहिली, आणि त्यांत सोलापूर, सांगली, बेळगाव, लातूरकडून आलेली मराठी मुलं-मुली काम करतात. वरिष्ठ कन्नड किंवा तमिळ, ग्राहक जर्मन किंवा अमेरिकन, पुरवठादार जपानी. सगळ्यांमधला दुवा म्हणजे इंग्रजी मेल. पण पत्र कसं सुरू करावं आणि कुठे थांबवावं हा प्रश्न या मातीला नवा नाही. १७४९ साली म्हैसूरच्या फौजेने देवनहळ्ळीच्या किल्ल्याला वेढा घातला, त्या लढाईत हैदरअली पहिल्यांदा नजरेत भरला. पुढे तो म्हैसूरचा धनी झाला तरी त्याला लिहितावाचता येत नव्हतं. कागदाखाली तो आपल्या नावाचं आद्याक्षर तेवढं, तेही उलटं, काढी आणि राज्याचे हुकूम त्या एका खुणेवर चालत. त्याचा मुलगा टिपू याच देवनहळ्ळीत जन्मला. टिपूच्या पत्रांचा विल्यम कर्कपॅट्रिकने केलेला इंग्रजी संग्रह १८११ साली लंडनला छापला गेला.

आणखी जवळचं उदाहरण बंगळूर शहरातलं. १८३४ ते १८६१ मार्क कबन म्हैसूरचे कमिशनर होते. त्यांच्या कचेरीत कामकाजाच्या भाषा होत्या कन्नड आणि मराठी. आलेले अर्ज वाचून दाखवले जात आणि त्यांवरचे हुकूम त्याच भाषांत सांगून लिहवले जात. ज्या शहरात आज आपला माणूस ‘डिअर’नंतर काय लिहावं म्हणून अडतो, तिथे त्याच्याच भाषेतले मायने सरकारी कागदावर उतरत होते. मग इंग्रजी पत्राची ठेवण आली आणि दोन्ही भाषा मागे सरल्या.

ते मराठी मायने काय होते हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपण इंग्रजी मेल लिहितानाही ते आपल्या हाताखाली असतात. हेमाद्रीच्या नावावर चालत आलेलं ‘मेस्तक’ कुणाला काय लिहावं याचे नियम सांगतं. गुजरातेतल्या ‘लेखपद्धती’त संस्कृत पत्रांचे नमुने आहेत. फारसीत ‘इन्शा’ नावाची अख्खी विद्याच होती आणि हरकरन या हिंदू लेखनिकाचा तिच्यावरचा ग्रंथ फ्रान्सिस बाल्फोरने इंग्रजी भाषांतरासह १७८१ साली कलकत्त्याला छापला, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या नोकरांना हिंदुस्थानी दरबाराशी पत्रव्यवहार जमावा म्हणून. म्हणजे मायने शिकण्याची गरज आधी त्यांना होती.

शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतरच्या पत्रांत वर राज्याभिषेक शक, मग राजाची बिरुदं आणि ‘आज्ञा केली ऐसी जे’. बरोबरीच्याला ‘राजमान्य राजश्री अमुक गोसावी यांसी’. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, विद्वान ब्राह्मणाला वेदशास्त्रसंपन्न. खालच्याने वरच्याला लिहिली ती विज्ञापना, बरोबरीच्याने लिहिली ती विनंती, वरच्याने खाली सोडली ती आज्ञा. पहिल्या दोन ओळी वाचल्या की दोघांचं नातं, वय, जात आणि पायरी कळे. शेवट त्या मानाने आखूड: बहुत काय लिहिणे, हे विनंती. आणि त्याखाली मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांअखेरचा ‘मर्यादेयं विराजते’ हा शिक्का कामाचा होता; मजकूर इथे संपला, याच्याखाली कुणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे, हे तो सांगे. सावकारी हुंडीतही रकमेच्या जोडीला तिची निम्मी रक्कम आणि त्या निम्म्याची दुप्पट असं लिहिण्याची चाल होती, ती कुणी आकडा खोडून वाढवू नये म्हणूनच.

मायन्यातली पायरी किती गंभीर होती याचा दाखला १७७९चा आहे. सोनारांनी ‘नमस्कार’ हा शब्द वापरू नये अशी पेशव्यांची मागणी होती आणि मुंबईच्या इंग्रज सरकारने तसा हुकूम काढला. एका अभिवादनावर सरकारी बंदी! मराठ्यांचा रामराम, मुसलमानांचा सलाम, महारांवर लादलेला जोहार, ही सगळी उतरंड पत्रातही उतरे. म्हणून आंबेडकरी चळवळीतल्या पत्राच्या माथ्यावर ‘सप्रेम जयभीम’ आलं, ते मला नुसतं घोषवाक्य वाटत नाही. मराठी पत्रलेखनाच्या इतिहासातला तो एक मोठा बदल आहे. लिहिणारा आणि वाचणारा एका पातळीवर आहेत, हे मायन्यातच ठरवून टाकलं.

इंग्रजी पत्राचा उगम मध्ययुगीन युरोपच्या लॅटिन पत्रशास्त्रात आहे. अकराव्या शतकापासून इटलीत ते शास्त्र वाढलं. पत्राचे पाच भाग: अभिवादन, वाचकाची मर्जी संपादणं, हकीकत, मागणी, समारोप. यातलं अभिवादन इतकं महत्त्वाचं की शिक्षकांचा बराच वेळ त्यातच जाई. पोप आधी की सम्राट, बिशपाला कोणतं विशेषण, याचे तक्ते असत. आपल्या मेस्तकाशी हे ताडून पाहण्यासारखं आहे. मग छपाई आली आणि सामान्य व्यापाऱ्यासाठी इंग्रजीत पुस्तकं निघाली: विल्यम फुलवुडचं १५६८ साली, एंजल डेचं १५८६ साली. सॅम्युअल रिचर्डसनने १७४१ साली कमी शिकलेल्यांसाठी नमुनापत्रांचं पुस्तक काढलं. ते लिहितानाच त्याला ‘पामेला’ ही पत्रांची कादंबरी सुचली आणि ती आधी बाजारात आली. पत्रलेखनाच्या रुक्ष पुस्तकातून इंग्रजी कादंबरीला वळण मिळावं, यात या विषयाच्या अभ्यासकाला थोडा अभिमान वाटला तर माफ असावं.

इंग्रजीत एक चमत्कारिक गोष्ट घडली. नात्याचा भार माथ्यावरून पायथ्याशी गेला. अठराव्या शतकात वर नुसतं ‘सर’ आणि खाली ‘आपला अत्यंत आज्ञाधारक आणि नम्र सेवक होण्याचा मान मिळालेला’ असा शेपटासारखा समारोप. ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर लंडनच्या संचालकांना असंच लिहीत. पण या नम्रतेत जीव किती उरला होता? सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या फेब्रुवारीत लॉर्ड चेस्टरफील्डला लिहिलेलं पत्र पाहा. आपल्या शब्दकोशाचं काम चालू असताना ज्याने दारात उभं केलं नाही, तो आता कौतुक करायला आला, म्हणून जॉन्सनने त्याला सभ्य भाषेत असं काही झोडपलं की तो नमुना आजही शिकवतात. आणि सहीच्या वर? अत्यंत नम्र, अत्यंत आज्ञाधारक सेवक. सूत्र इतकं झिजलं होतं की चपराकीखालीही ते बिनदिक्कत बसलं.

एकोणिसाव्या शतकात पोस्ट स्वस्त झालं, व्यापार वाढला, कारकून वाढले आणि एवढी लांब शेपटी रोज शंभर पत्रांना लावणं परवडेना. सेवक गळाला, आज्ञाधारकपणा गळाला, आणि उरल्या दोन जोड्या. नाव माहीत नसेल किंवा घ्यायचं नसेल तर वर ‘डिअर सर’ आणि खाली ‘युअर्स फेथफुली’. नावाने हाक मारली तर खाली ‘युअर्स सिन्सिअरली’. ही ब्रिटिश शाळा. तिच्यात वरच्या-खालच्याला जागा जवळजवळ नाही. ती विचारते, आपली ओळख आहे की नाही? मराठी मायना दर्जा मोजतो आणि ही जोडी अंतर मोजते. रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांतल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा अभ्यास करताना सत्ता आणि सलगी असे दोन अक्ष मांडले. पत्रांनाही तेच अक्ष लागतात. माझ्या मते आपल्या लोकांची इंग्रजी पत्रातली सगळी अडचण एका वाक्यात सांगता येते: सलगीच्या अक्षावर उभ्या असलेल्या साच्यात आपण सत्तेचा अक्ष भरतो.

‘रिस्पेक्टेड सर’ तिथूनच येतं. विजय भाटिया यांनी १९९३च्या आपल्या ग्रंथात दक्षिण आशियातल्या नोकरीच्या अर्जांकडे पाहताना, समोरच्याला थोर करणं आणि स्वतःला दीन करणं ही तऱ्हा टिपली आहे. तिची चेष्टा करणारं वाङ्मय इंग्रजीत भरपूर झालं. बाबू इंग्लिशच्या नावाखाली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे संग्रहच छापले गेले. मला त्या हसण्यात सामील व्हावंसं वाटत नाही. ज्या कंपनीनेच तीनशे शब्दांच्या पत्राखाली आज्ञाधारक सेवक लिहायला शिकवलं, तिच्या वारसांनी हसू नये. मात्र म्युनिकच्या खरेदी अधिकाऱ्याला ‘रिस्पेक्टेड’ लिहिलं तर तो आदर त्याच्यापर्यंत पोचत नाही, पोचतो तो परकेपणा. शाळेच्या मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहिताना मात्र तो शब्द खुशाल असावा.

हाच साचा उलटवून वापरणारा माणूसही आपल्याकडे झाला. दांडीयात्रेच्या तोंडावर, २ मार्च १९३० रोजी, गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहिलं. वर ‘डिअर फ्रेंड’, खाली ‘युअर सिन्सिअर फ्रेंड’. संस्थानिकांच्या आणि व्हाइसरॉयच्या खरीत्यांत ‘प्रामाणिक मित्र’ हे शब्द शतकभर दरबारी थाटात फिरत होते. तो अधिकार गांधीजींनी न मागता घेतला आणि सत्याग्रहाची नोटीस दिली.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या कार्यालयीन कार्यपद्धतीच्या पुस्तिकेने ब्रिटिश साचा गोठवून ठेवला, आणि तो आज इंग्लंडपेक्षा इथे जास्त शाबूत आहे. साध्या पत्राला ‘सर’ आणि ‘युअर्स फेथफुली’. अर्धशासकीय पत्राला ‘माय डिअर’ आणि ‘युअर्स सिन्सिअरली’, आणि या शब्दांसाठी टंकलेखकाने जागा सोडायची, ते साहेबांनी हाताने लिहायचे, ही न लिहिलेली रीत. कार्यालयीन ज्ञापनाला वर अभिवादन नाही, खाली समारोप नाही. तृतीय पुरुषी मजकूर, सही आणि हुद्दा. महाराष्ट्रात राजभाषा अधिनियमानंतर मराठी कारभाराने हेच साचे घेतले आणि महोदय, आपला विश्वासू रुळले. रा. रा. आणि सा. न. वि. वि. घरच्या पत्रांत राहिले, तिथूनही आता गेले.

व्यापारी शिक्षणाची वाट वेगळी. मुंबईत दावरांचं कॉलेज १९०० साली, सिडनहॅम १९१३ साली. पण बहुसंख्य मराठी मुलांनी इंग्रजी पत्र पाहिलं ते गावातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये. सरकारी टायपिंग परीक्षेत उताऱ्याच्या जोडीला पत्र आणि तक्ता असायचा, त्यामुळे तारीख कुठे, ‘डिअर सर’नंतर स्वल्पविराम की नाही, समारोप मध्यापासून की डावीकडून, हे बोटांना पाठ झालं, का ते मात्र कुणी सांगितलं नाही. अमेरिकन शाळेचा इथे उल्लेख पुरे: अभिवादनानंतर अपूर्णविराम, खाली नुसतं ‘सिन्सिअरली’, आणि मांडणीच्या नाना ठेवणी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या कार्यालय-व्यवस्थापकांच्या संघटनेने अभिवादन आणि समारोप दोन्ही काढून टाकलेलं सुटसुटीत पत्रही सुचवलं. ते फारसं चाललं नाही. इंग्लंडमध्ये अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८च्या ‘प्लेन वर्ड्स’मध्ये सरकारी इंग्रजी सोपी करण्याचा ध्यास घेतला.

बाकीच्या जगाकडे पाहिलं तर इंग्रजी पद्धत किती कोरडी आहे ते जाणवतं. फ्रेंच पत्र आजही शेवटी पूर्ण वाक्यात आदरभावाचा स्वीकार करण्याची विनंती करतं आणि वरचं संबोधन त्यात पुन्हा घेतं. जपानी औपचारिक पत्र ‘हाइकेइ’ने उघडलं तर ‘केइगु’नेच मिटलं पाहिजे, आणि मध्ये ऋतूचा उल्लेख हवा. देवनहळ्ळीतल्या एखाद्या पुरवठा विभागात एकाच दिवशी या सगळ्या सवयींची माणसं आपापल्या परीने इंग्रजी लिहीत असतात.

मग आता या विषयाला पुस्तक कशाला? कारण ई-मेलने साचा मोडला आणि नवा दिला नाही. रे टॉमलिन्सनने १९७१ साली पहिला मेल धाडला, तेव्हापासून कोणाकडून, कोणाला, कशाबद्दल हे यंत्रच वर छापतं. पत्रापेक्षा ज्ञापनाशी मेलचं रक्ताचं नातं आहे. पण लिहिणाऱ्यांनी त्याला पत्र मानलं. कार्यालयातले निम्मे रुसवेफुगवे इथून निघतात, असं माझं निरीक्षण आहे: एकाने ज्ञापन समजून थेट मुद्द्याला हात घातला आणि दुसऱ्याने ते पत्र समजून मायना शोधला. चॅटवर तर ‘हाय’ लिहून उत्तराची वाट पाहत बसणारे आहेत. लंडनच्या फ्रेशफील्ड्स या वकिली कंपनीने २०१६मध्ये ‘डिअर सर्स’ बंद केलं, कारण पत्र वाचणारे सगळे पुरुष नसतात. आणि आता मजकूर यंत्राकडून लिहून घेण्याची सोय झाल्यावर प्रत्येक मेल वाचणाऱ्याचं कुशल चिंतत उघडतो आहे. दोन अनोळखी माणसांची यंत्रं एकमेकांचं कुशल विचारतात. खाली नाव मात्र माणसाचं असतं आणि सुरुवातीला सांगितलेल्या निकालांप्रमाणे बांधला जातो तोच.

या पुस्तकात नियमांची जंत्री नाही, ती कुठेही मिळते. इथे खऱ्या कामाच्या धाटणीची पत्रं आणि मेल घेतले आहेत: पहिली चौकशी, उशिराची माफी, थकलेल्या बिलाची तिसरी आठवण, राजीनामा, नकार. नावं आणि आकडे बदलले आहेत. प्रत्येकाचा मायना आणि समारोप दोन-तीन प्रकारे लिहून दाखवला आहे आणि प्रकार बदलला की नातं कसं सरकतं ते मराठीत समजावलं आहे. जिथे जुन्या मराठी कागदाशी तुलना केल्याने गोष्ट उजळते तिथे ती केली आहे. ‘काइंडली डू द नीडफुल’सारख्या भारतीय वळणांना सरसकट बाद केलेलं नाही. देशांतर्गत पत्रात ती चालतात, परदेशी पत्रात काय मागायचं ते स्पष्ट लिहावं, एवढाच आग्रह. मतभेदाला जागा आहे. माझा स्वतःचा, उदाहरणार्थ, ‘बेस्ट रिगार्ड्स’वर राग नाही, पण ‘थँक्स’ आधीच देऊन टाकून काम गळ्यात मारण्यावर आहे, आणि पुस्तकातल्या एका टिपणात त्याची बाजूही मांडली आहे.

वकिली नोटिसा, निविदा आणि बँकेची हमीपत्रं वगळली आहेत. त्यांच्या माथ्यावरचं ‘विदाउट प्रेज्युडिस’ किंवा पायथ्याची अट एका शब्दाने चुकली तर परिणाम वेगळा होतो, आणि ती वकिलाला दाखवूनच पाठवावीत.